जोत्याची उंची

नमुना सात, कलम चार:
"सदर भूखंडावर यापूर्वी पाणी आल्याचे
अर्जदारास माहीत आहे काय?"
हमूदनं 'नाही'वर खूण केली आहे
निळ्या शाईनं, जरा जास्तच दाबून.

सोहारच्या बाहेर, डोंगराच्या अंगाला
चुन्याची फक्की टाकून आखलेला चौकोन.
वीस बाय तीस. मे महिना, सकाळचे आठ,
आणि लेव्हलच्या तिपाईला आत्ताच हात लावत नाही.
"मुहंदिसा, कुठलं पाणी?"
हमूद हसतो, बुटानं वाळू उडवतो.

पण वाळू नुसती वरवर आहे.
खाली गोटे, गुळगुळीत,
एकमेकांच्या खांद्यावर कलंडलेले,
सगळे एकाच कुशीवर.
कोणीतरी लोळवल्याशिवाय दगड असे झोपत नाहीत.

इथं ओढ्याला वादी म्हणतात.
आमच्याकडे वादी म्हणजे दावा लावणारा.
मला दोन्ही अर्थ एकाच फाइलीत ठेवावे लागतात.
वर्षानुवर्षं कोरडी पडून असते,
तारखांवर तारखा पडतात,
लोक म्हणतात, मिटलं प्रकरण.
मग डोंगरापलीकडे कुठंतरी ढग मोकळा होतो,
इथं तर लख्ख ऊन,
आणि वादी जातीनं हजर होते.
मोजणी तिच्या मापानं.

मी सांगलीची. आमचं पाणी फुटांत चढतं,
रात्रभर शेजारी विचारत राहतात, किती झालं?
तांदळाचे डबे माळ्यावर जातात,
म्हशी सोडवता येतात, भांडायलाही वेळ मिळतो.
माझ्या तक्त्यात इथं चाळीस मिनिटं.

"शंभर वर्षांतून एकदा," मी सांगते.
"मग मला काय? मी चौतीसचा."
मी म्हणते, पिशवीत शंभर गोट्या, एक काळी.
दर वर्षी हात घालायचा,
आणि काढलेली परत आत टाकायची.
तो पिशवीचा विचार करतो.
मग, "जोतं किती?"
"दीड मीटर."
"आईचे गुडघे," तो हिंदीत म्हणतो,
जणू अरबीत म्हटलं तर तिला ऐकू जाईल.

ती गाडीत होती, काचा वर, एसी सुरू.
दार उघडून काठी टेकत आली,
आणि तीच काठी उचलली समरच्या झाडाकडे.
माझ्या डोक्याच्या वर हातभर,
काटेरी बेचक्यात
वाळलेल्या गवताचा गुंता, नायलॉनची दोरी,
लहान मुलाची एक चप्पल.

"जागा स्वस्तात मिळाली," ती म्हणाली,
"तेव्हाच तुझ्या बापाला विचारलं होतं,
इतकी वर्षं ही कुणाला नको होती?"
हमूद फोन बघत राहिला. फोन बंद होता.

मी पट्टी धरली. दोन मीटर पाच.
झाड भूखंडाहून वीतभर खोल आहे, ते वजा.
वर थोडा हात राखून: दोन मीटर दहा.
संगणकाला हे झाड दिसलं नव्हतं.
त्याच्या दीड मीटरवर मी काट मारली,
अहवालावर माझी सही आधीच झालेली होती.

रात्री खोलीवर उतरण काढते आहे.
बारास एक. सव्वापंचवीस मीटर,
मध्ये दम खायला एक सपाट टप्पा.
म्हणजे अंगण गेलं. हमूदचं कारंजं गेलं.
नगरपालिका मान्य करेल का, ठाऊक नाही.
तिचे गुडघे मान्य करतील का, तेही.

अर्ज दुरुस्त होऊन परत आलाय.
कलम चार: 'नाही' खोडलेलं.
शेजारी हमूदच्या हातचं,
"अर्जदाराच्या आईस माहीत आहे."
रकाना दोन अक्षरांचा, वाक्य त्यात मावलं नाही,
रेषा ओलांडून कलम पाचमध्ये शिरलंय.

मी ते तसंच राहू दिलं.